डिफेन्सच्या पैशाचा हिशोब मागायचा की नाही? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात संरक्षण बजेटवर लेख छापला होता आणि खाली एक ओळ टाकली होती की या विषयावर काही विचारायचं असेल तर कळवा. भरपूर मेल आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले, त्यातले बहुतेक पुण्यातूनच. ते साहजिकच आहे म्हणा, सदर्न कमांड इथे, खडकीला 1869 पासूनची दारूगोळा फॅक्टरी, पाषाणला डीआरडीओ, गोळीबार मैदानाजवळ आर्मीच्या ऑफिसरांचे पगार काढणारं पीसीडीए, वर तीन-तीन कॅन्टोन्मेंट, त्यामुळे या गावात कुणाचा तरी मामा नाहीतर शेजारी डिफेन्समध्ये असतोच. मी स्वतः बरीच वर्षं डिफेन्स अकाउंट्समध्ये बिलं तपासण्याचं काम केलंय म्हणून संपादकांनी उत्तरं माझ्याकडे सोपवली. कुणाचंही नाव छापलेलं नाही, काहींनी तशी विनंतीच केली होती.

प्रश्न: मॅडम, माझा मुलगा फौजेत आहे म्हणून स्पष्टच विचारतो. सैन्याच्या खरेदीचा हिशोब असा चव्हाट्यावर मांडला तर शत्रूला आयती माहिती मिळत नाही का? काही गोष्टी झाकलेल्याच बऱ्या असतात. (निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर: सर, तुमची काळजी मला कळते आणि तुमच्या मुलाच्या जिवाशी संबंधित गोष्ट आहे म्हणून नीट सांगते. रडार कुठे बसवलंय, कुठल्या चौकीवर किती दारूगोळा शिल्लक आहे, कुठलं मिसाईल नेमकं काय करू शकतं, हे बाहेर जाताच कामा नये, त्यात वाद नाही. पण पैसा कशाकशावर जातो ते बघा. 2025-26 चं संरक्षण बजेट साधारण 6.81 लाख कोटींचं होतं. त्यात 1.60 लाख कोटी नुसत्या पेन्शनचे, नवीन विमानं, जहाजं, तोफा वगैरे भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी, आणि बाकीच्यात पगार, रेशन, कपडे, डिझेल, स्पेअर पार्ट, क्वार्टर्सची दुरुस्ती, गाड्यांची टायरं असं सगळं येतं. टायर कितीला घेतला हे कळलं तर शत्रू काय करणार? पण तो टायर दुप्पट भावाने घेतला असेल तर आपल्याला ते कळायला हवं, कारण तेवढ्याच पैशात निम्मे टायर आले आणि उरलेल्या गाड्या शेडमध्ये उभ्या राहिल्या.

युक्रेनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. जानेवारी 2023, रशियाचे हल्ले चालू, आणि तिथल्या एका पत्रकाराने सैन्याच्या जेवणाचं कॉन्ट्रॅक्ट बाहेर काढलं, त्यात एका अंड्याचा भाव लावला होता 17 रिव्निया, कीवच्या दुकानात तेव्हा अंडं 7 च्या आसपास मिळत होतं. किती गदारोळ झाला असेल कल्पना करा, देश युद्धात आणि पेपरात अंड्याचा भाव. पहिल्यांदा तिथेही हेच म्हणाले की युद्धात असलं काही विचारू नका. पण उपमंत्र्याला जावं लागलं, पुढे सप्टेंबर 2023 मध्ये संरक्षणमंत्रीही बदलले, आणि त्यांच्या संसदेने कायदा केला की जेवण, कपडे अशा शस्त्र नसलेल्या खरेदीचे भाव युद्ध चालू असतानाही जाहीर करायचे. शस्त्रांचे तपशील झाकलेले राहिले, अंडी उघडी झाली. ही रेघ कुठे मारायची हे ज्या देशाच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते त्या देशाला जमलं.

अमेरिकेचं संरक्षण खातं 2018 पासून दरवर्षी पूर्ण ऑडिट करून घेतं आणि अजून एकदाही पास झालेलं नाही, आणि नापास झालो हे ते दरवर्षी जाहीर सांगतात. त्यामुळे त्यांच्या फौजेचं काही बिघडल्याचं मला तरी दिसलेलं नाही.

आपल्याकडे उलट चित्र आहे. 2018 च्या मार्चमध्ये लोकसभेत सगळ्याच खात्यांच्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेशिवाय मंजूर झाल्या, त्यात संरक्षणही आलं. फेब्रुवारी 2019 मध्ये राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीवरचा, सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगचा रिपोर्ट संसदेत ठेवला तर त्यातल्या किमतीच झाकलेल्या होत्या, आधीच्या ऑफरपेक्षा व्यवहार 2.86 टक्के स्वस्त पडला एवढं टक्क्यात सांगितलं आणि मूळ आकडे नाहीत. मला हे पटलेलं नाही, आणि हे मी कुठल्या पक्षाच्या बाजूने बोलत नाहीये. विमानात काय बसवलंय ते झाका, एकूण किती दिले ते सांगा.

प्रश्न: मी एमपीएससीची तयारी करते. संरक्षण खात्यातल्या भ्रष्टाचाराच्या धोक्याचा काही जागतिक इंडेक्स आहे का? (विद्यार्थिनी, सदाशिव पेठ)

उत्तर: आहे. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलचा गव्हर्नमेंट डिफेन्स इंटिग्रिटी इंडेक्स. ए पासून एफ पर्यंत ग्रेड देतात आणि पाच बाजूंनी बघतात: राजकीय, आर्थिक, मनुष्यबळ, ऑपरेशन्स आणि खरेदी. 2020 च्या फेरीत 86 देश तपासले होते, त्यात ए ग्रेड एकट्या न्यूझीलंडला. एक गोष्ट नीट लक्षात ठेव, हा इंडेक्स भ्रष्टाचार किती झाला ते मोजत नाही, तो रोखायची व्यवस्था किती पक्की आहे ते मोजतो. परीक्षेत यातच गल्लत होते.

प्रश्न: नमस्कार मॅडम, भोसरीला आमचं छोटं वर्कशॉप आहे, मशीनिंगचे पार्ट करतो. एका सरकारी युनिटच्या टेंडरमध्ये अशी अट घातली की ठराविक पार्टीच बसते. आणि जुन्या सप्लायचं बिल पाच महिने अडकलंय, वर निरोप असा की एकदा भेटून जा. भेटून जा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्यासारख्याने काय करायचं? (उद्योजक, भोसरी)

उत्तर: दादा, तुमचा मेल मी दोनदा वाचला, कारण अशी माणसं मी बिलाच्या टेबलापलीकडून पाहिलेली आहेत आणि त्यांचं कुणी ऐकत नाही हेही पाहिलंय.

आधी अटीचं. लोकांना वाटतं की लाच म्हणजे शेवटी, करारावर सही होताना पाकीट. खरा खेळ त्याच्या फार आधी होतो, गरज काय आहे हे कागदावर लिहितानाच. व्हीआयपी हेलिकॉप्टरचं प्रकरण घ्या, ऑगस्टा वेस्टलँड. सुरुवातीला अट होती की हेलिकॉप्टर 6000 मीटरपर्यंत उडालं पाहिजे. त्यात एकच कंपनी बसत होती म्हणून अट सैल करायचं ठरलं, ते ठीकच होतं. मग उंची आणली 4500 मीटरवर, पण सोबत केबिनची उंची किमान 1.8 मीटर अशी अट आली आणि पुन्हा एकच हेलिकॉप्टर उरलं, फक्त यावेळी ते दुसऱ्या कंपनीचं होतं. कॅगने 2013 च्या रिपोर्टमध्ये यावर बोट ठेवलं, किमतीचा सरकारी अंदाजच अवास्तव जास्त धरला होता हेही लिहिलं. 12 हेलिकॉप्टरं, 2010 चा करार, साधारण 3,546 कोटी, आणि 1 जानेवारी 2014 ला तो रद्द. इटलीत कंपनीचे बडे अधिकारी पुढे वरच्या कोर्टात सुटले, आपल्याकडची केस रेंगाळलेलीच आहे. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल, पण एका अटीने सगळं टेंडर कसं फिरतं ते त्या फाईलमध्ये स्वच्छ दिसतं, आणि तुमच्या पार्टच्या टेंडरमध्येही तेच होत असू शकतं.

म्हणून काय करायचं, तर प्री-बिड मीटिंगची, म्हणजे टेंडर भरायच्या आधीच्या बैठकीची, तारीख चुकवायची नाही. तिथे तोंडी भांडू नका. लेखी प्रश्न द्या की ही अट कुठल्या टेक्निकल गरजेतून आली, समकक्ष चालेल का. त्याचं उत्तर सगळ्या बिडर्सना एकसारखं द्यावं लागतं, मग ते कागदावर येतं आणि उद्या ऑडिटवाल्याला सापडतं. 2017 चे जनरल फायनान्शियल रूल्स, म्हणजे केंद्राचे खर्चाचे नियम, सांगतात की स्पेसिफिकेशनमध्ये गरजेपलीकडच्या गोष्टी घुसवायच्या नाहीत, कंपनी झालेल्या ऑर्डनन्स (शस्त्र-दारूगोळ्याच्या सरकारी) फॅक्टऱ्यांचे स्वतःचे खरेदी मॅन्युअल असतात पण गाभा तोच. तुम्ही विचारल्यावर प्रत्येक वेळी अट बदलेल असं मी म्हणत नाही, पण कुणीच न विचारता ती कधीच बदलत नाही.

आता बिल. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगाची सरकारी नोंदणी) असेल तर 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार टाका, ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे जाते. बरेच लोक घाबरून टाकत नाहीत की पुढची ऑर्डर जाईल. भीती खरी आहे, मी खोटा धीर देणार नाही. पण इन्स्पेक्शन नोट, डिलिव्हरी चलान, माल मिळाल्याची सही, ही तिन्ही तुमच्याकडे असतील तर बिल अडवणाऱ्याला फाईलवर कारण लिहावं लागतं, आणि कारण नसेल तर तोच अडचणीत येतो. आधी लेखी विचारा की बिल कुठल्या ऑब्जेक्शनवर थांबलंय.

आणि भेटून जाऊ नका. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. जबरदस्तीने द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवलं तरच संरक्षण मिळतं. त्यापेक्षा द्यायच्या आधीच सीबीआयच्या अँटी करप्शन ब्रँचला कळवा, ती पुण्यात आहे, केंद्राचे कर्मचारी त्यांच्याकडेच येतात. त्यांना आधी सांगून सापळ्यासाठी पैसे दिले तर तो तुमचा गुन्हा होत नाही. ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्डाच्या माजी प्रमुखांवर लाचखोरीची केस झाली तेव्हा 2012 मध्ये सरकारने सहा कंपन्या दहा वर्षांसाठी ब्लॅकलिस्ट केल्या, त्यात परदेशातल्या मोठ्या होत्या आणि आपल्या लहानही. मोठी कंपनी दुसऱ्या देशात धंदा करते, लहान वर्कशॉपला दहा वर्षं म्हणजे शटर खाली.

प्रश्न: बोफोर्सवर इतकी वर्षं ओरडले, पण कारगिलमध्ये तीच तोफ कामाला आली ना? माल चांगला असेल तर थोडी दलाली गेली म्हणून काय बिघडलं? (वाचक, वानवडी)

उत्तर: हा प्रश्न मला लग्नात, बसमध्ये, सगळीकडे विचारला गेलाय, आणि विचारणारा बहुतेक वेळा फौजेवर मनापासून प्रेम करणारा माणूस असतो. तोफ उत्तम होती, 1999 मध्ये द्रास आणि तोलोलिंगला तिने काय केलं ते सगळ्या जगाने पाहिलं. पण काय बिघडलं ते सांगते.

मार्च 1986 मध्ये करार झाला, 155 मिलिमीटरच्या 410 तोफा, साधारण 1,437 कोटी. एप्रिल 1987 मध्ये स्वीडिश रेडिओने बातमी दिली की दलाली दिली गेली, आकडा 64 कोटींचा चर्चेत राहिला. सीबीआयची एफआयआर 1990 ची. 2004 आणि 2005 मध्ये दिल्ली हायकोर्टाने आरोप रद्द केले, 2018 मध्ये सीबीआयचं अपील सुप्रीम कोर्टाने उशिराच्या कारणावर फेटाळलं. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं गेली आणि लाचेबद्दल शिक्षा कुणालाही नाही. हा झाला कोर्टाचा भाग.

आता फौजेचा भाग, ज्याबद्दल कुणी बोलत नाही. करारात त्या तोफेची टेक्नॉलॉजीही घेतली होती, ड्रॉइंग आली होती. पण वातावरण इतकं तापलं की त्या ड्रॉइंगना हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. ती तशीच पडून राहिली, आणि कितीतरी वर्षांनी जबलपूरच्या फॅक्टरीत त्याच कागदांवरून धनुष तोफ उभी राहिली. दरम्यान दुसऱ्या तोफा घ्यायचे प्रयत्न झाले, दरवेळी कुठली ना कुठली कंपनी ब्लॅकलिस्ट, टेंडर रद्द, ट्रायल पुन्हा. 1986 नंतर 155 मिलिमीटरच्या नव्या तोफेचा मोठा परदेशी करार झाला थेट नोव्हेंबर 2016 मध्ये, अमेरिकेच्या एम-777 चा, 145 तोफा. तीस वर्षं! त्या तीस वर्षांत आर्टिलरीत भरती होऊन निवृत्त झालेला जवान आख्खी नोकरी जुन्या तोफांवर काढून गेला.

पाणबुड्यांचंही तेच. जर्मनीच्या एचडीडब्ल्यू कंपनीशी 1981 मध्ये करार झाला, चारपैकी दोन पाणबुड्या आपल्या माझगाव डॉकमध्ये बांधल्या, शल्की आणि शंकुल. दलालीचे आरोप आले आणि पुढच्या पाणबुड्यांचं काम थांबलं. शंकुल 1994 मध्ये नौदलात आली, त्यानंतर स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार झाला 2005 मध्ये. एवढ्या काळात पाणबुडीचं वेल्डिंग शिकलेले मुंबईचे कामगार दुसऱ्या कामाला लागले, काही निवृत्त झाले, आणि ते कौशल्य पुन्हा शून्यातून उभं करावं लागलं. बोफोर्सची दलाली 64 कोटी होती की किती यावर भांडत बसलो, पण नुकसान मोजायचं तर हे मोजा.

माझं यावर ठाम मत आहे आणि ते काही जणांना आवडणार नाही. ब्लॅकलिस्ट हे आपल्याकडे शिक्षेचं एकमेव हत्यार बनलं आणि ते चुकलं. आरोप आला की सगळा प्रकल्प बंद, आणि ज्याने पैसे खाल्ले तो मात्र कोर्टात तारखा घेत बसलेला. फौजेला तोफ मिळू द्या, कंपनीकडून दंड घ्या, माणसाला पकडा, या तीन गोष्टी वेगवेगळ्या करता येतात. आता इंटिग्रिटी पॅक्टमध्ये (लाच देणार-घेणार नाही अशा लेखी करारात) आणि 2020 च्या खरेदी नियमांत दंडाची सोय आहे, बँक गॅरंटी जप्त करता येते, ऑगस्टाच्या वेळी केलीही होती.

आणि थोडं चांगलंही सांगते. एटॅग्ज तोफ आपल्या पाषाणच्या एआरडीईने, म्हणजे डीआरडीओच्या लॅबने, डिझाईन केली, मार्च 2025 मध्ये 307 तोफांचा करार झाला साधारण 6,900 कोटींचा, त्यातल्या 60 टक्के मुंढव्याच्या भारत फोर्जकडे आणि 40 टक्के टाटांकडे. किती तोफा, किती पैसे, कुणाला किती, सगळं जाहीर आहे आणि तोफेचं गुपित फुटलेलं नाही.

प्रश्न: डीआरडीओच्या एका लॅबकडे माहिती अधिकारात सिव्हिल कामांच्या खर्चाबद्दल अर्ज केला, आम्हाला कायदा लागू नाही असं उत्तर आलं. खरं आहे का? (रहिवासी, पाषाण)

उत्तर: अर्धं खरं. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या शेड्यूलमध्ये आहे, त्यामुळे कलम 24 खाली त्यांना सूट आहे. पण त्याच कलमात लिहिलंय की भ्रष्टाचाराच्या आरोपांशी आणि मानवी हक्कांच्या उल्लंघनाशी संबंधित माहिती या सुटीत येत नाही. तुम्ही नुसता खर्च विचारला म्हणून ते सुटले. तुमच्याकडे काही ठोस आधार असेल, म्हणजे झालेलंच नाही अशा कामाचं बिल निघालं वगैरे, तर अर्जात तो आरोप नेमका मांडा आणि कलम 24 च्या परंतुकाचा उल्लेख करा. उगाच आरोप करू नका मात्र, त्याने तुमचाच अर्ज पातळ होतो.

आणि हे सगळ्यांनी लक्षात घ्या की ही सूट डीआरडीओची आहे. संरक्षण मंत्रालय, आर्मी, डिफेन्स अकाउंट्स, डिफेन्स इस्टेट्स, कॅन्टोन्मेंट बोर्ड, सगळ्यांना कायदा लागू आहे. ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या ऑक्टोबर 2021 मध्ये सात कंपन्या झाल्या, त्यातल्या म्युनिशन्स इंडियाचं मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, तीही सरकारी कंपनी म्हणून येते आणि कॅगच्या ऑडिटखालीही येते. हे लोक नकार देतात तो कलम 8 खाली, सुरक्षा किंवा व्यापारी गुपित म्हणून. तेव्हा अपिलात 8(2) मांडा, जनहित मोठं असेल तर माहिती द्यावी असं ते कलम सांगतं.

प्रश्न कसा लिहावा यावर खूप अवलंबून असतं. "तुमच्याकडे भ्रष्टाचार झाला का" असं विचारलं तर काहीच येणार नाही. असं लिहा: "अमुक रस्त्याच्या डांबरीकरणाच्या कामाची वर्क ऑर्डर, मेजरमेंट बुकमधल्या संबंधित पानांच्या प्रती, अंतिम बिल आणि कम्प्लिशन सर्टिफिकेटची प्रत द्यावी." मेजरमेंट बुक हा शब्द विसरू नका, काम किती फूट झालं ते तिथे लिहिलेलं असतं, मग टेप घेऊन रस्ता मोजता येतो. मराठीत लिहिलेला अर्ज चालतो. फी दहा रुपये, पान दोन रुपये. प्रत नको असेल तर फाईल बघायला मागा, पहिला तास फुकट आहे, आणि बघताना मिळतं ते प्रतीत कधीच मिळत नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ऑफिसात पहिलं अपील.

प्रश्न: आमच्या कॅम्पात बोर्डाकडे पैसे नाहीत म्हणून कामं होत नाहीत म्हणतात. विचारायचं कुणाला, नगरसेवकच नाही. (दुकानदार, कॅम्प)

उत्तर: तुमचं दुखणं बरोबर आहे. देशातल्या 57 कॅन्टोन्मेंट बोर्डांच्या निवडणुका 30 एप्रिल 2023 ला ठरल्या होत्या, मार्चमध्येच नोटिफिकेशन मागे घेतलं. त्याच्याही आधीपासून पुणे, खडकी, देहूरोड, तिन्हीकडे लोकांनी निवडून दिलेलं कुणी नाही. महापालिकेत विलीनीकरणाची चर्चा चालूच आहे. हिशोब विचारणारा माणूसच सभागृहात नसला की ऑडिट रिपोर्ट आला तरी तो वाचणार कोण. बोर्डाचं बजेट आणि ऑडिटची ऑब्जेक्शनं मागवा, वरच्या उत्तरातल्या पद्धतीने.

जमिनीवर विशेष डोळा ठेवा. संरक्षण मंत्रालयाकडे देशभरात जवळजवळ 18 लाख एकर जमीन आहे आणि कॅम्पातली जमीन काय भावाची आहे ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मुंबईचं आदर्श हाउसिंग सोसायटीचं प्रकरण आपल्याला आठवतंय, कुलाब्यात 31 मजले उभे राहिले, 2010 मध्ये मुख्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं, कॅगने 2011 मध्ये त्यावर वेगळा रिपोर्ट दिला. तिथे तोफ नाही, दारूगोळा नाही, सगळी प्रक्रिया एनओसी आणि जमिनीच्या कागदांची होती.

प्रश्न: मिलिटरी कॅन्टीनचा नफा कुठे जातो? (माजी सैनिक, घोरपडी)

उत्तर: युनिटच्या कॅन्टीनचा नफा रेजिमेंटल फंडात जातो आणि रेजिमेंटल फंड सरकारी पैसा मानला जात नाही, म्हणून तो कॅगच्या नेहमीच्या ऑडिटबाहेर राहतो. 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने या कॅन्टीनचे कर्मचारी सरकारी नोकर नाहीत असंही ठरवलंय. हा पैसा जवानांच्या कल्याणासाठी आहे आणि बहुतेक ठिकाणी तसाच वापरला जातो. पण सरकारी सवलतीवर चालणाऱ्या दुकानाचा नफा सरकारी ऑडिटबाहेर का, याचं समाधानकारक उत्तर मला नोकरीत कधी मिळालं नाही. तुम्ही माजी सैनिक आहात, युनिटच्या बैठकीत वर्षाचा ताळेबंद बोर्डावर लावायची मागणी करा, तुमचं ऐकतील.

प्रश्न: मुलाला भरतीत पास करून देतो म्हणून एकाने साडेतीन लाख मागितलेत. खात्रीचा आहे म्हणतो. (पालक, हडपसर)

उत्तर: देऊ नका. फेब्रुवारी 2021 मध्ये आर्मीच्या भरती परीक्षेचा पेपर पुण्यातच फुटला होता, देशभरची परीक्षा रद्द झाली आणि पोलिसांनी माणसं पकडली. पैसे घेणारे बहुतेक जण काहीच करत नाहीत, पोरगं स्वतःच्या मेहनतीने पास झालं तर पैसे ठेवतात आणि नापास झालं तर फोन बंद. आणि खरंच काही केलं तर तुमच्या मुलाची नोकरी आयुष्यभर टांगणीला. नंबर आणि मेसेज जपून ठेवा आणि पोलिसात द्या.

प्रश्न: मॅडम, माझे मिस्टर एका डिफेन्स ऑफिसमध्ये क्लार्क आहेत. मार्च एंडला साहेब मागच्या तारखेने फाईलवर सही कर म्हणतात, माल आलेला नसताना आलाय असं दाखवायचं. ते रात्र रात्र झोपत नाहीत. नाही म्हटलं तर बदली, हो म्हटलं तर उद्या अडकणार हेच. काय करावं कळत नाही. (गृहिणी, खडकी)

उत्तर: ताई, तुमच्या पत्रासाठी मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. बजेट 31 मार्चला लॅप्स होतं म्हणून वर्ष संपताना पैसे घाईने टाकायचे, ही जुनी सवय आहे आणि त्यात सगळ्यात खालचा माणूस सापडतो. माल नसताना पावती करणं हा खोटा दस्तऐवज आहे. सही त्यांची असेल तर साहेब उद्या मला माहीत नव्हतं म्हणतील.

त्यांना सांगा की तोंडावर भांडू नका आणि सहीही करू नका. केंद्र सरकारच्या 1964 च्या कंडक्ट रूल्समध्ये नियम 3 मध्ये स्पष्ट आहे की वरिष्ठाचा आदेश लेखी असला पाहिजे, तोंडी दिला तर नंतर लेखी दुजोरा द्यायला हवा, आणि तो दुजोरा मागणं हे कनिष्ठाचं कर्तव्यच आहे. म्हणून फाईलवर साध्या भाषेत नोटिंग करावं: अमुक तारखेला तोंडी सूचना मिळाली, माल प्रत्यक्ष स्टोअरमध्ये प्राप्त झालेला नाही, लेखी आदेश मिळावेत. एवढंच. कुणावर आरोप नाही. बहुतेक वेळा अशी नोट पडली की फाईल परत मागितली जाते आणि विषय तिथेच थांबतो, हे मी पाहिलंय. त्या दिवशीच्या नोंदी स्वतःच्या डायरीत तारखेसह ठेवाव्यात, पण सरकारी कागदाचे फोटो काढून घरी आणू नयेत. डिफेन्सच्या कागदांना ऑफिशियल सिक्रेट्स अॅक्ट लागतो आणि तेच उलटं त्यांच्यावर शेकवलं जाऊ शकतं.

तरीही दबाव राहिला तर सेंट्रल व्हिजिलन्स कमिशनकडे पीआयडीपीआय, म्हणजे जनहितासाठी गैरप्रकार उघड करणारी, तक्रार करता येते, 2004 च्या सरकारी ठरावाखाली, तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवायची जबाबदारी कमिशनवर आहे. अशी तक्रार करणाऱ्याला संरक्षण देणारा व्हिसलब्लोअर कायदा 2014 मध्ये मंजूर होऊनही अजून लागू केलेला नाही, याचा मला खरोखर राग येतो, कारण तुमच्या मिस्टरांसारख्या माणसांसाठीच तो होता. तोवर हा ठराव आहे. पत्र बंद पाकिटात, पाकिटावर "कम्प्लेंट अंडर द पब्लिक इंटरेस्ट डिस्क्लोजर" असं इंग्रजीत लिहायचं, बाहेर स्वतःचं नाव-पत्ता टाकायचा नाही. नाव आणि पत्ता आत, पत्राच्या सुरुवातीला किंवा शेवटी द्यायचा, कारण निनावी तक्रार या ठरावाखाली घेत नाहीत. बाकीच्या मजकुरात मात्र असं काही लिहू नये ज्यावरून कुणी लिहिलं ते ओळखू येईल. पोस्टाने पाठवा, ऑफिसच्या डाकेतून नको.